दार लावून जेवणारी माणसं

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा गिळायला शिकवतात, त्या खोलीबाहेर शिंपीणबाई आत गेलेल्या आईची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक नवराबायको भांडत होते. नवऱ्याचा आवाज खरखरीत, फाटलेला होता.

“स्वयंपाकघराचं दार लावून जेवता तुम्ही सगळे. चोरासारखे!”

“तुमच्यासमोर कसं जेवायचं? तुम्हाला साधं पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं.”

“घसा कापलाय माझा, कान नाहीत. ताटं वाजलेली ऐकू येतात मला. आणि मी आत आलो की सगळे तोंड पुसून गप्प!”

“मग काय करू मी? परवा एका घोटाला तुम्ही निळे पडलात. तेव्हापासून माझ्याच घशाखाली घास उतरत नाही.”

“म्हणून उपाशी मरणार आहेस?”

“ओरडू नका हो, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! इतक्या महिन्यांनी आवाज आलाय, तो काय कुजबुजायला? सकाळपासून काही खाल्लंयस?”

“डबा आहे पिशवीत. तुम्ही आत गेलात की खाईन.”

“आत्ता खा. इथे, माझ्यासमोर.”

“नको ना.”

“काढ म्हणतो ना!”

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. शिंपीणबाईंनी मान वळवली नाही. मग एक हुंदका ऐकू आला.

“रडत रडत खाऊ नकोस,” तो फाटका आवाज खेकसला, “ठसका लागेल.”