उजव्या हाताने डावा कान

गुरुजी : थांब, थांब. इतकी घाई करू नकोस. पुन्हा पहिल्यापासून. 'ॲप्लिकेशन्स आर…' पुढं?

सटवाजी : 'इनव्हायटेड.' दरखास्ती मागवल्यात. गुरुजी, हे मला झोपेतबी येतंय. आदी मुदत बगू द्या.

गुरुजी : मुदत शेवटी. वाक्याचा क्रम सोडायचा नाही. क्रम सोडला की इंग्रजी हातची जाते.

सटवाजी : आन क्रम धरला की मुदत जाती! वरीसभर तेच चाललंय आपलं. पेपर येतो व्यंकटरावांकडं. मालकाला इंग्रजीचं अक्षर येत न्हाई, पर पाव्हन्यारावळ्यांना दिसला पायजे म्हनून महिनाभर बैठकीत पडून ऱ्हातो. मंग रद्दीत तुमच्याकडं. मंग तुमी मला शिकवायलाव. रेल्वेचा इम्तिहान, तारघराचा इम्तिहान, समदं वाचलं, समदं पाठ केलं, आन प्रत्येकाची तारीख मेलेली. मेलेल्या तारखांवर शिकलोय मी इंग्रजी.

गुरुजी : हा पेपर तर ताजा आहे ना? कालचाच आहे. मग माझ्यावर कशाला डाफरतोस?

सटवाजी : ताजा हाय, कामून की मी पूर्न्याला चालत गेलतो. टेशनात गाडी हुबी हुती. खिडकीत एक साहेब पेपराची घडी घालायलता. आता त्याच्याकडनं मागायचा कसा? तुमच्या किरपेनं मला दुसरं काय येतंय? म्हनलं, 'सर, लास्ट डेट?'

गुरुजी : अरे देवा. मग?

सटवाजी : हसला. लय हसला. शेजारच्या मडमेला सांगून पुन्हा हसला. पर दिला पेपर.

गुरुजी : आणि बाकीची पानं? पहिलं पान कुठंय?

सटवाजी : ह्ये काय, धोतराच्या सोग्यात.

गुरुजी : घेऊन आलास? शाळेच्या ओट्यावर? त्याच्यावर सत्याग्रहाचं काय काय छापलेलं असतं, ठाऊक आहे का तुला? ठाण्यातल्या अमीनसाहेबांचा शिपाई बाजाराच्या दिवशी याच वाटेनं जातो. मी निजामसरकारचा मुलाजिम आहे, बाबा. पोरीचं लग्न व्हायचंय माझ्या. जा, आधी ते चुलीत घाल.

सटवाजी : घालतो, घालतो. जाताना घालतो.

गुरुजी : आता कळलं ना, मी जाहिरातीच का शिकवतो ते? इम्तिहानाच्या तारखा वाचल्या म्हणून अजून कुणी जेलात गेलेलं नाही.

सटवाजी : पर त्यानं माझी इंग्रजी कशी झाली बगा की! दरखास्त करू नये. विचार होनार न्हाई. मुदतीनंतर आलेली घेतली जानार न्हाई. साहेबाला पानी कसं मागायचं ते मला येत न्हाई, गुरुजी. पर साहेब मला न्हाई कसं म्हनंल, ते समदं येतं.

गुरुजी : तेच आधी यायला पाहिजे. वाच पुढं.

(कोंडाबाई काखेत घोंगडी घेऊन ओट्याच्या पायरीशी येऊन बसते.)

कोंडाबाई : वाच रे लेकरा, थांबलास का? मी आले म्हनून का लाजायलास?

सटवाजी : माय, तू कशाला आलीस उन्हाची? ती घोंगडी कशाला आनलीस?

कोंडाबाई : बाजाराला आले हुते. म्हनलं गुरुजीला दावावं तरी. लोकर आपल्याच मेंढरांची हाय, गुरुजी, म्या कातली. सांगितलं हुतं ना तुमाला, ज्या दिशी माझं पोरगं न अडकता, न चुकता एक वाक्य वाचंल, त्या दिशी ही तुमची. पोळ्यालाच विनून झाली. घडी करून ठेवलीय तवापासून.

गुरुजी : आणि घडी मोडायची वेळ काही येत नाही. कोंडाबाई, पोरगा हुशार आहे तुमचा, पण धीर नाही. अर्ध्या वाक्यात उडी मारतो आणि तोंडावर पडतो.

सटवाजी : धीर कुठून आनू? बा काय म्हनला ते माहीत हाय ना तुमाला? औंदाच्या दिवाळीपत्तर काय ते बग, न्हाई तर काठी घे अन् कळपामागं लाग. येडबा धनगर एकदा बोलला की बोलला.

कोंडाबाई : त्याचं तरी काय चुकलं? गेल्या साली देवीच्या रोगानं अर्धा कळप गेला. परभनीच्या डाक्टराला तीनदा सांगावा धाडला. मेंढरासाठी कोन येतो ताडकळसला?

सटवाजी : म्हनून तर मला जायचंय! ती डाक्टराची सुई टोचायची मला शिकायचीय, माय. आन त्या सुईच्या वाटंवर ही इंग्रजी आडवी पडलीय.

गुरुजी : मग आडवीला उभी कर. वाच. जाहिरात कशाची आहे, ते सांग मला.

सटवाजी : 'फॉर ट्रेनिंग इन… इन…' हे काय हाय? लय लांबडं हाय.

गुरुजी : 'व्हेटरिनरी.'

सटवाजी : म्हंजे?

गुरुजी : म्हणजे जनावरांच्या औषधपाण्याचं. हैदराबादला दवाखान्यात ठेवून घेतात, दोन वर्षं शिकवतात, मग जिल्ह्याला पाठवतात. पोरा, हीच ती. हीच तुला पाहिजे ती.

सटवाजी : खरंच? न्हाई, तुमी पुन्हा वाचा. मला भरवसा न्हाई वाटायला.

गुरुजी : वाचलं, बाबा, वाचलं. तीच आहे.

कोंडाबाई : मंग तारीख? गेली का हिचीबी?

सटवाजी : 'लास्ट डेट…' थांब. 'थर्टी… थर्टीन…'

गुरुजी : चुकलास. 'थर्टीएथ.' तीस. तीस नोव्हेंबर.

सटवाजी : नोव्हेंबर म्हंजे कंचा? आपला कार्तिक का सरकारचा कोनता?

गुरुजी : आपली दिवाळी होऊन जाईल, त्याच्याही मागून. आणि दिवाळीच अजून यायचीय.

सटवाजी : जित्ती हाय! माय, तारीख जित्ती हाय!

कोंडाबाई : बरोबर वाचलं का त्यानं, गुरुजी?

गुरुजी : चुकला. पण अर्थ बरोबर लागला. घोंगडी ठेवा अजून.

सटवाजी : ठेव माय, ठेव. आज तुला ती द्यावीच लागंल. इम्तिहान कोनत्या जबानीत हाय? 'इंग्लिश.' चालंल. शिक्षन? 'मिडल पास.' म्या हाय. पूर्न्याला मामाच्या घरी शेन काढून पास झालोय. फुडं… 'कँडिडेट मस्ट बी बिलो ट्वेंटी…' वय. विसाच्या आत. ह्ये तर सोपं हाय, मला अठरावं लागलंय.

गुरुजी : पुढं वाच.

सटवाजी : 'ॲज पर स्कूल सर्टिफिकेट.' शाळेच्या दाखल्यापरमानं. झालं की! दाखला घरात पेटीत हाय. गुरुजी? काय झालं? चुकलो का?

गुरुजी : नाही. चुकला नाहीस.

सटवाजी : मंग असं काय बगायलाव?

गुरुजी : दाखल्यावर तुझी जन्मतारीख काय आहे, कधी पाहिलीस का?

सटवाजी : एक आजूर. समद्या पोरांची तीच हाय. तुमी समद्यांना सरकारी सालाच्या पहिल्या दिशीच जन्माला घातलं.

गुरुजी : दिवस राहू दे. साल कोणतं आहे?

सटवाजी : साल काय म्या बगितलं न्हाई. फसली साल कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?

गुरुजी : माझ्या राहतं. लिहिलंय मीच. त्या दाखल्याप्रमाणे तुला या एक आजूरला वीस पूर्ण झाली. आताच, दसऱ्याच्या पुढंमागं.

सटवाजी : वीस? कुनाला?

कोंडाबाई : काय बोलायलाव, गुरुजी? मानमोडीच्या साथीत माझी थोरली लेक गेली, त्याच्या दुसऱ्या वरसाला हा झाला. सटवाईला नवस केला म्हनून सटवा. म्या पोटातनं काढलाय, मला न्हाई कळायचं?

गुरुजी : तुम्हाला कळतं, कोंडाबाई. कागदाला कळत नाही.

सटवाजी : पर वीस आलं कुठून?

गुरुजी : शाळेत घातलं तेव्हा जन्माची नोंद कुठं होती कुणाची? तेव्हा एकच माप होतं. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. हाताला कान लागला की सहा वर्षांचं पोर, नाही लागला तर घरी पाठवायचं. तू आलास. तुझा हात लागला नुसता नाही, तू अख्खा कान मुठीत धरलास. मी म्हटलं, हे सहाच्या पुढचं आहे. सात लिहिले.

कोंडाबाई : पाचवं सरलं नव्हतं त्येला! हात लांब हायेत त्येचे, बापावानी. म्या तवाच म्हनले हुते तुमाला, हितंच, ह्याच पायरीवर. तुमी काय म्हनलाव? आठवतंय का?

गुरुजी : आठवतंय.

कोंडाबाई : म्हनलाव, 'कोंडाबाई, आई पोराला लहानच समजते, कान खोटं बोलत नाही.'

सटवाजी : आन म्या! म्या गावभर कान धरून दावत फिरलो. चावडीवर, पारावर. बगा, माझा कान येतो. लोक हसायचे, शेंगदाने द्यायचे.

कोंडाबाई : गूळ वाटला रे म्या त्या दिशी. पोरगं शाळेत घेतलं म्हनून. मला काय माहीत, मी कशाचा गूळ वाटायलेय ते.

गुरुजी : मोहतमिमसाहेबांची शाळातपासणी होती त्या आठवड्यात. पटावर पोरं कमी होती. मलाही घाई होती, खोटं कशाला बोलू.

सटवाजी : आता दुरुस्त करा मंग. तुमीच लिवलं, तुमीच खोडा. शाळा तुमचीच हाय, दौत तुमचीच हाय.

गुरुजी : पट माझा नाही. सरकारचा आहे. एक आकडा खोडला तर नोकरी जाईल. नोकरी गेली तरी तुझं वय काही कमी होणार नाही.

सटवाजी : मंग वर लिवा. दरखास्त करा.

गुरुजी : करीन. आज रात्रीच लिहायला बसतो. आधी मोहतमिमसाहेब, मग परभणी, मग औरंगाबाद, मग हैदराबादला तालीमात, म्हणजे शिक्षणखातं. माझ्या बढतीचा कागद तिथं गेलाय, तेव्हा तू मिडलला होतास. अजून आलेला नाही.

सटवाजी : म्हंजे तारीख जित्ती, आन म्या मेलो.

कोंडाबाई : वंगाळ बोलू नको.

सटवाजी : मंग काय बोलू? शिकवा ना, ह्येला इंग्रजीत काय म्हनत्यात! वरीसभर उन्हातानात आलो, मेंढरं वाड्यात घालून आलो, ह्या एका कागदासाठी आलो. आन माझा वैरी कोन निघाला? माझाच कान!

कोंडाबाई : गुरुजी, सटवाईनं याच्या कपाळावर काय लिवलं असंल ते असंल. तिला म्या काय बोलू? पर वय तुमी लिवलं.

गुरुजी : हो. मी लिहिलं.

कोंडाबाई : मी जाते हैदराबादला. त्या साहेबापुढं हुबी ऱ्हाते. बायना सुईन हाय जित्ती, तिला घेऊन जाते. तिनं नाळ कापलीय. तिला इचारा म्हनावं.

गुरुजी : बायनाबाईनं शपथ घेतली तरी साहेब दाखलाच मागेल, कोंडाबाई. त्याला तुम्ही दिसणारच नाही. त्याला कागदच दिसतो.

सटवाजी : खाली अजून एक ओळ हाय.

गुरुजी : राहू दे. आज पुरे झालं. पेपर दे इकडं.

सटवाजी : तुमी बगितलीय का ती?

गुरुजी : सटवा, घडी कर. दिवस कलायला लागलाय, माय थकलीय तुझी.

सटवाजी : न्हाई. वाक्याचा क्रम सोडायचा न्हाई म्हनलाव ना? मंग शेवटापत्तर जायचं. 'नो रिक्वेस्ट फॉर चेंज इन द डेट ऑफ बर्थ शॅल बी एंटरटेंड.'

कोंडाबाई : काय म्हनतोय रे पेपर?

सटवाजी : म्हनतोय, जन्माची तारीख बदला म्हनून कुनी इनंती केली, तर ती ऐकून घेतली जानार न्हाई.

कोंडाबाई : बरोबर वाचलं का त्यानं, गुरुजी?

सटवाजी : सांगा की. ती इचारायलीय.

गुरुजी : बरोबर वाचलं. कुठं अडकला नाही, कुठं चुकला नाही.

कोंडाबाई : मंग ही घ्या.

गुरुजी : नको, कोंडाबाई. आज नको.

कोंडाबाई : घ्या. बोललेली हाय. आन थंडी पडायलीय आता.