सावंतची जर्मन डिग्री

डिग्रीचं काय सांगतोस, आमच्या मुलुंडच्या सावंतचं ऐक. जर्मनीहून इंजिनिअर होऊन आला. बायोडेटात ती डिग्री सगळ्यात वर. जाईल तिथे एकच उत्तर, "तुम्ही इथे टिकणार नाही हो, परत जाल."

शेवटी वैतागून त्याने डिग्री काढून टाकली, इथला डिप्लोमा तेवढा ठेवला. भांडुपच्या एका कारखान्यात साहेबांनी विचारलं, "मधली तीन वर्षं काय केलंत?"

"कावीळ झाली होती."

नोकरी लागली. पुढे तिथे जर्मन मशीन आलं. सोबतचं पुस्तक कुणालाच वाचता येईना. सावंतने ते वाचून मशीन चालू केलं.

साहेब म्हणाले, "सावंत, जर्मन कुठे शिकलात?"

"काविळीत, साहेब. पडून पडून दुसरं करणार काय?"