अक्काचा सातबारा

...बसा म्हटलं म्हंजे सही करते असं न्हाय. सोलापुरातनं उन्हाचं आलाय, पानी प्या. वकिलानं कारकुनाला धाडलं, सोता यायला लाज वाटली व्हय? काय म्हनता — हायकोर्टानं माझ्या भावाला सोडलं न्हाय, नुसती शिक्षा थांबवली, अपिलाचा निकाल लागंपर्यंत जामीन? मग सोडलंच की! चार वर्सं सोलापुरात खटला चालला, जज्जसाहेबानं तोंडावर सांगितलं, गुन्हा शाबीत, पाच वर्सं सक्तमजुरी — आनि आठ म्हैन्यांत घरी? का, तर म्हनं अपिलाचा नंबर लागंपर्यंत शिक्षाच भोगून संपंल, आनि मग निर्दोष ठरला तर? निर्दोष म्हनं! त्या मेलेल्या पोरीला इचारलं का कुनी?

तुमी कागदं वाचली, रान बघितलंय का? त्ये पल्याडचं माझ्या भावाचं, मल्लिनाथचं. बांधाच्या अल्याडचं माझं — बापानं लेकीला दिलं, म्हनून तर जामिनाला माझा सातबारा आठवला तुमास्नी. रानडुकरं मका लोळवायची, तर ह्या शान्यानं कडंनं तार वढली आनि लाईटीच्या तारंवर आकडा टाकून करंट सोडला. अडानी हाय का? बारावी शिकलाय! शेजारच्या रत्नम्माची श्रीदेवी सकाळी शेळीला गवत कापायला बांधावर आली — एकोनीस वर्सांची, लगीन ठरलेलं. दव पडलेलं, हातात इळा. तितंच चिकटली. रत्नम्मा धावली, तिला नवऱ्यानं, शिवप्पानं कवळा घालून मागं धरलं, न्हायतर तीबी गेली असती. आनि आमचा शूर भाऊ? कोर्टात हुंदके देऊन रडला. आता गावातली चार टाळकी त्याला येशीपासनं वाजवत आननार हाईत म्हनं — लाजा न्हाईत! रत्नम्माच्या दारावरनंच वाट हाय की.

काय? साक्षीदारांना भेटायचं न्हाय अशी अट हाय? मग मला काय त्याचं, मी कुटं साक्षीदार? पोलिसांनी इचारलं तवा म्हटलं, मी झोपलेली, मला काय म्हायती न्हाय. झोपलेली कसली... ऱ्हाऊ द्या. न्हाय, तसं काय न्हाय — त्यो पाटंचं दूध घालायला डेअरीला जायचा, जाताना वरडायचा, "अक्का, आकडा काढ गं!" की मी उठून बांबूनं काढायची. रोज. त्या दिवशीबी वरडला. आदल्या दिवशी आमचं वाजलेलं, लई मोटं न्हाय — इहिरीच्या पान्याच्या पाळीवरनं. मी ऐकलं आनि कूस बदलली. म्हटलं, तुजं काम तू कर. एवढंच. आनि त्या गाढवानं पोलिसांना काय सांगावं? मीच टाकला, मीच काढायचा इसरलो. माझं नाव न्हाय घेतलं, चार वर्सांत एकदाबी न्हाय! जेलात भेटायला गेले तर जाळीपल्याडनं इचारतंय, अक्का, गुडघं कसं हाईत तुजं? असा राग आला — वाटलं, थुंकावं तोंडावर. तसंच परत आले, पुन्ना गेले न्हाय. आनि आता त्याला हितं आनून बसवू? रोज सकाळी समोर? न्हाय जमायचं. पाच वर्सं सांगितलीत ना, काढू दे पाच वर्सं. दुसरा जामीनदार बघा.

असं काय बघताय? ...काय म्हनता? हे अपिलात सांगितलं तर त्याची शिक्षा कमी व्हईल? म्हंजे — मी सांगायचं? कोर्टात हुबं ऱ्हाऊन? रत्नम्मा समोर बसलेली असताना?

उठा. कागदं घ्या ती. मी काय बी बोलले न्हाय तुमच्याशी. जावा म्हटलं ना!