बोटीत दुसरं माणूस

—नाही, तिथून नाही, तिथं शेवाळ आहे. इथून. हात द्या. आणि बूट काढा आधी. अहो, बोटीत बूट घालून चढत नाहीत, कोणी सांगितलं नाही का तुम्हाला? वाटलंच मला. बोट घ्यायला निघालेली माणसं अशीच असतात — पायात चकचकीत बूट आणि डोक्यात समुद्राचं एक चित्र, तेही कुठल्यातरी कॅलेंडरवरचं. राग मानू नका, मी सगळ्यांशी असंच बोलतो. बसा. मागे नको, इथं पुढे, माझ्या शेजारी. हे जाकीट घाला. पट्टा आवळा — अजून — पोट आत घ्या जरा. हां. आता त्या पहारेकऱ्याला दिसाल तुम्ही नीट. तो बघा, बाहेर जायच्या तोंडावर साखळी लावलीये ना, तिथं स्टुलावर बसलाय. त्यानं साखळी खाली सोडली की आपण निघालो. सोडेल, सोडेल. सिगरेट संपल्याशिवाय तो उठत नाही, आणि एक संपली की दुसरी पेटवतो.

तोवर विचारा काय विचारायचं ते. पेट्रोल ना? सगळ्यांचं पहिलं पेट्रोलच असतं. ही पेट्रोल पीत नाही हो, ओतून टाकते. आमचे जावई एकदा आले होते, सबंध फेरीत बाहेर बघितलंच नाही त्यांनी, काट्याकडे बघत बसले होते — आणि उतरल्यावर म्हणाले, बाबा, एवढ्यात आम्ही चौघं विमानानं जाऊन आलो असतो. मी म्हटलं, जा की मग विमानानं. गेले. परत काही आले नाहीत. पण पेट्रोल म्हणजे काहीच नाही. पेट्रोल दिसतं तरी. खालून जे शिंपले चिकटतात ते दिसतात का? बोट नुसती उभी राहिली तरी चिकटतात, तुम्ही घरी झोपलात तरी चिकटतात, आणि ते खरवडायला माणूस बोलावला की तो आधी पाण्यात वाकून बघतो, मग तुमच्या गाडीकडे बघतो आणि मग भाव सांगतो. मिस्त्रीचं वेगळंच. इंजिनं दोन, म्हणून मिस्त्रीचा तोरा चौपट. आज येतो म्हणाला की समजायचं, या महिन्यात येत नाही. शिवाय ही जागा — जागेचं भाडं बोटीच्या लांबीवर. म्हणजे घेताना आपण ऐटीत लांब बोट घ्यायची आणि मग जन्मभर त्या लांबीचं भाडं भरायचं. अक्कल बघा. विमेवाले वेग किती म्हणून विचारतात, आणि सांगितला की तुमच्याकडे अशा नजरेनं बघतात, जसं काही तुम्ही आताच गेलात. आणि खारं पाणी. दहा मिनिटं बाहेर जाऊन आलात तरी परत आल्यावर सबंध बोट गोड्या पाण्यानं धुवायची, इंजिनातनं पाणी खेळवायचं, पुसायचं. पाठ वाकते. तुमची पाठ कशी आहे? ही लाटेवर चढते ना, तेव्हा गंमत असते — उतरते तेव्हा मणके मोजून घ्या.

नाही, नाही, घाबरवत नाहीये. एक फेरी मारा, मग काय ते बोलू. आवडेल तुम्हाला. नाही आवडली तर नका घेऊ, माझं काही म्हणणं नाही. पण बसल्याशिवाय कसं कळणार? त्या पलीकडच्या पांढऱ्या बोटीवाल्यासारखं करू नका. बघा, तो टोपीवाला, कठडा पुसतोय तो. त्यानं बोट घेतल्यापासून दोरी सोडलेली नाही. रविवारी येतो, कठडा पुसतो, रेडिओ लावतो, वर्तमानपत्र वाचतो, घरी जातो. दिवाणखाना केलाय त्यानं बोटीचा. माझ्यापेक्षा बरा आहे म्हणा — त्याच्या दिवाणखान्यात बायको येऊन बसते तरी.

का विकतोय? सांगितलं ना फोनवर, वय झालं. कारखाना मुलाकडे दिला — खोक्यांचा, पुठ्ठ्याची खोकी, तुमच्या घरी जे काही येतं ते आमच्या खोक्यातनं येत असणार — कारखाना दिला, म्हटलं बोटही काढून टाकावी. मुलाला नको. त्याला उलटी होते. लहानपणी व्हायची नाही, आता होते. मी म्हटलं, गोळी घे. तर म्हणाला, बाबा, गोळीनं उलटी थांबेल, तुम्ही कुठे थांबणार? असं बोलतात मुलं. कारखाना मात्र घेतला, त्याची नाही झाली उलटी.

काय म्हणालात? तुमचे कोण? मेहुणे? दातांचे डॉक्टर?

बुटके, चष्मा? ...हो. आले होते. गेल्या वर्षी आले होते. नाही, तीच ही बोट. हीच. आता त्यांचं काय जमलं नाही ते— बरं, भाव वाढला असं मी म्हणालो असेन तेव्हा. म्हणालो असेन. कधी भाव वाढतो, कधी मला घरी विचारायचं असतं, कधी एक इंजिन कुरकुर करतं. फेरी झाल्यावर मला काहीतरी सुचतं. असे काय बघताय? फसवलं का त्यांना? फुकट फिरवून आणलं, माझं पेट्रोल जाळून. त्या दातवाल्यानं वर टोपी घालवली समुद्रात, ती शोधायला मी गोल गोल फिरलो. आणि तो पहारेकरी मघाशी तुमच्याकडे बघून का हसला ते आता कळलं ना? दात काढतोय मेला. दर खेपेला काढतो.

अहो, नियम आहे इथला. या ताकदीची बोट एकट्यानं बाहेर न्यायची नाही. दुसरं माणूस पाहिजे. मी पाण्यात पडलो तर कळवायला कोणीतरी हवं म्हणे. तर ते दुसरं माणूस कुठून आणायचं? बोट विकत मिळते, इंजिनं मिळतात, माणूस कुठे मिळतं सांगा. जावयांचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. एक मित्र होता शाळेपासूनचा — तीन-चारदा आला, मग गुडघा पुढे केला. त्याच गुडघ्यानं डोंगर चढतो. मग म्हटलं पगारी ठेवू एखादा, ठेवलाही, तर तो बसायचा असा, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. नको वाटलं. मग एकदा खरंच विकायला काढली. जाहिरात दिली. तर माणसं यायला लागली हो. आपणहून यायला लागली. जाकीट घालून, हौसेनं, हसत शेजारी बसायला लागली. उतरल्यावर म्हणायची, काय हात आहे तुमचा. मुलानं असं म्हटलं नाही कधी. मग पुढच्या महिन्यात परत दिली जाहिरात.

तर तुम्ही आज माझं दुसरं माणूस आहात. त्यात कमीपणा काही नाही. घेणारे तुम्हीही नाही आहात, मला माहितीये. घेणारा माणूस बोटीच्या खाली वाकून बघतो, तुम्ही आरशात बघितलंत.

बायको? माझी? तिचं कशाला मध्ये?

ती बरी आहे. चांगली ठणठणीत आहे. येत नाही एवढंच. घाबरत-बिबरत नाही, वाटेल तेवढ्या वेगानं बसेल. आमच्याकडे आधी होडी होती — लाकडी, निळी, तिला एवढंसं इंजिन, खाटखाट करत जायची, पोहणारा माणूस पुढे निघून जाईल अशी चाल. रविवारी आम्ही दोघं जायचो. ही थर्मास घ्यायची चहाचा, आणि बोलायची. काय बोलायची? काय म्हणजे — कोणी काय विकत घेतलं, कोणाच्या सुनेनं काय केलं, जिन्यातला दिवा कोणी बदलत नाही. फालतू. मला तर वाटायचं, कधी गप्प बसते. आठवडाभर बोलायला वेळ नसायचा ना, ते सगळं साठवून आणायची होडीत. मी सुकाणू धरून हूं हूं करायचो. तेव्हा या सगळ्या मोठ्या बोटी आमच्या अंगावर पाणी उडवत जायच्या. डोक्यात तिडीक जायची माझ्या. एवढा कारखाना चालवतो मी आणि इथं खाटखाट करत बसलोय. होडी विकली, ही आणली. तिला विचारलं का? तुम्ही विचारलंत तुमच्या बायकोला? नाही ना? अचानक नेऊन दाखवणार, डोळे मोठे करेल, असं वाटतंय. मोठे करेल हो. माझीनंही केले. पहिल्या रविवारी थर्मास घेऊन आली, इथं बसली, तुम्ही बसलात तिथंच. मी दोन्ही इंजिनं पूर्ण सोडली. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी ओरडलो, काय? ती ओरडली. परत नाही आलं ऐकू. चहा तर सोडाच, झाकण उघडायची सोय नाही. महिनाभर येत होती तरी, मग म्हणाली, तुम्ही जाऊन या. आणि आता घरीही तेच. हा कान गेला माझा, इंजिनाकडचा, आणि हा दुसराही निघालाय. ती स्वयंपाकघरातनं काही म्हणाली की मी म्हणतो, काय? ती म्हणते, काही नाही. दिवसातनं दहादा काही नाही. जिन्यातला दिवा लागला की नाही, मला आता माहीत नाही.

विचारत होतात ना, काय खर्च येतो म्हणून.

आणि होडी घेतली कोणी — आमच्याच गल्लीतल्या औषधाच्या दुकानवाल्यानं. बावळट माणूस. खोकल्याचं औषध देताना स्वतः खोकतो. तो आणि त्याची बायको रविवारी निघतात आणि आमच्या हिला बोलावतात. ही जाते. माझ्याच होडीत, माझ्याच बायकोला तो औषधवाला फिरवतो, आणि मी लांबून— हो, मग. त्यासाठीच जातो बाहेर. दुसरं काय आहे तिकडे बघायला? जवळून जातो, वेग कमी करतो, होडी हलू नये म्हणून. ती हात करते. कधी करते, कधी बोलण्यात असते. बस, मग परत येतो.

हं, सोडली साखळी. चला, दोरी— का? आता का उठताय? अहो बसा. पट्टा का सोडताय? फसवलं वगैरे काही नाही, सगळं सांगितलं की तुम्हाला. बरं, अर्धा तास नको, दहा मिनिटं. ते लाल पिंप तरंगतंय ना, तिथपर्यंत. वेगानं नाही नेणार. तुमच्या मेहुण्यांची टोपी भरून देतो, मग तर झालं? बसा हो जरा. तुम्ही उतरलात तर तो साखळी वर घेणार.

थांबा. आपल्यासाठी नाही सोडली. होडी आत येतेय. तीच. निळी. मधे बसलीये ती आमची. इकडे का येतायत हे? यांची जागा तिकडे आहे. इकडेच येतायत सरळ. तुम्ही बसा खाली, असे उभे राहू नका, गिऱ्हाईक पळून चाललंय असं दिसतं.

काय म्हणाली? काहीतरी म्हणाली ती आत्ता, ओठ हलले. तुम्हाला ऐकू आलं ना? मग सांगा की. काय?

येताय का?

असं म्हणाली? नक्की? मला म्हणाली का तुम्हाला? ...थर्मास दाखवतेय. हो, आहे जागा, चौघांची आहे ती, मीच करून घेतली होती मागची फळी. औषधवालाही सरकून बसला. बघा कसा सरकला, मोठं मन दाखवतोय. त्याच्या होडीत मी जाऊन बसू? मी? ही दोन इंजिनं इथं बांधून ठेवून? तो पांढऱ्या बोटीवाला बघतोय तिकडनं, पहारेकरी बघतोय. सांगा तिला — तुम्ही सांगा, माझा आवाज चढतो — सांगा, गिऱ्हाईक आहे म्हणावं. व्यवहाराचं चाललंय. सांगा ना. मोठ्यानं.

सांगितलंत? काय म्हणाली?

बरं म्हणाली. नुसतं बरं?

वळले. अहो, वळले ते, परत बाहेर निघाले. असं कसं, परत विचारायचं ना माणसानं एकदा. एकदा नाही म्हटलं म्हणून लगेच— हाक मारा. हाक मारा हो त्यांना, तुमचा आवाज जाईल. काय हाक मारू म्हणजे? सांगा, येतोय म्हणावं, थांबा म्हणावं— राहू द्या. बोलायला लागली ती. तिकडे तोंड करून बोलतेय. आता नाही ऐकू जायचं.

जायचं होतं हो मला.

साखळी घेतली त्यानं वर. तुम्ही काय बघताय माझ्या तोंडाकडे? उतरा. विकायची नाहीये बोट, कधीच नव्हती, त्या दातवाल्यालाही सांगा. जाकीट काढा. तिथं नको, ओलं होईल, इकडे द्या. तुमचे बूट तिथं आहेत. जा.