शहाण्णवची सेमीफायनल आणि आईचा गणपती

शहाण्णवच्या फुटबॉल सेमीफायनलला इंग्लंड जर्मनीशी का हरलं, ते फक्त आमच्या वॉटफर्डच्या घराला माहीत आहे. मॅच पेनल्टींवर गेली, तशी आईने देव पाण्यात ठेवले. इंग्लंड जिंकेपर्यंत ते काढायचे नाहीत. दोन्हीकडच्या पाचही पेनल्टी गोलमध्ये गेल्या.

"झाल्या ना पाच? सुटलो," म्हणत आईने गणपती काढून पुसायलाही घेतला.

"आई, बरोबरी आहे. ठेव परत."

"अरे, देवाला सारखं आत-बाहेर करतात का?"

तेवढ्यात आपली सहावी त्यांच्या गोलकीपरने अडवली, जर्मनीची आत गेली. संपलं.

सकाळी शेजारी ती सहावी मारणाऱ्या खेळाडूला शिव्या घालत होता. आई कुंपणापाशी जाऊन हळूच म्हणाली, "त्या पोराला नका बोलू. घाई मी केली."