उशिराची रांग

पोलीस चौकी शिरूर अनंतपाळ, ता. निलंगा, जि. लातूर (छापील कागदावरील ‘उस्मानाबाद’ खोडले)
दि. १८/२/१९८६, सायंकाळी ६ वाजता

मी शिवगंगा भ्र. (भ्रतार) गुरुलिंग मुचळंबे, वय ३८ वर्षे, जात लिंगायत, धंदा किराणा दुकान, शिक्षण नाही, रा. करडवाडी, चौकीत स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील गावी मुलगी सिंधु, वय १५, इयत्ता नववी, हिच्यासह राहते. माझे पती उदगीरला अडत दुकानात मुनीम असून पंधरवड्यातून एकदा घरी येतात. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक अनंतराव यांनी अर्ज दिला आहे की, मी काल व आज शाळेच्या आवारात बसून कामात अडथळा आणला. मी बसले नव्हते, गुडघ्यावर होते. बाकी अर्ज खरा आहे.

सिंधु दि. २० जानेवारीपासून शाळेत जात नव्हती. कारण विचारले की “मला न्हाई जायचं” एवढेच म्हणे. मी समजावले. तिचे मामा येऊन समजावून गेले. दि. ३ फेब्रुवारी रोजी मी तिला लाटण्याने मारले, तिचे उजवे मनगट सुजले. ती रडली नाही आणि शाळेतही गेली नाही.

दि. १४ रोजी शाळेची चिठ्ठी आली की मुलीचे नाव कमी करणार. मी चिठ्ठी घेऊन सव्वाअकराला शाळेत गेले. झेंड्याच्या खांबापाशी खडीवर अकरा मुले-मुली गुडघ्यावर उभी होती, तोंडे रस्त्याकडे. ती उशिरा येणाऱ्यांची रांग होती. शेजारची मुलगी त्यात होती. ती म्हणाली, “काकू, सिंधुची जागा तिसरी व्हती. रोजच.”

गावच्या विहिरी दिवाळीतच आटल्या. टँकर दहाला येतो, शाळा साडेदहाला भरते. मोठी माणसे रोजगार हमीच्या कामावर असतात, म्हणून पाणी मुलेच भरतात. आमच्या घरी त्यात आणखी एक नियम आहे. आंघोळ करून, गळ्यातले इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय खायचे नाही, आणि पाणी मडीचे पाहिजे, म्हणजे त्याच सकाळी भरलेले. हा नियम सासूने मला घातला व मी सिंधुला. टँकर, आंघोळ, पूजा, भाकरी यात अकरा वाजून जातात, हे मला दिसत नव्हते असे नाही. मी त्याचा विचार केला नाही.

घरी येऊन मी तिला विचारले, “मला का न्हाई सांगितलंस?” ती म्हणाली, “सांगून काय केलं असतंस? पूजा सोड म्हणली असतीस?” मी म्हणाले नसते. जमादार साहेब म्हणतात, हे अर्जाशी संबंधित नाही. मी लिहा म्हणाले.

त्याच दिवसापासून मी तांब्याभर पाणी आदल्या दिवशीचे झाकून ठेवते. त्याने पूजा होते. शिवाला चालते की नाही ते मी त्याच्याशी बघून घेईन. टँकरवर आता मी जाते, तोवर दुकान बंद राहते.

काल दि. १७ रोजी मी टँकर सोडला. सिंधु माझ्याबरोबर सव्वादहालाच शाळेपाशी पोचली. पण फाटकाच्या आत पाय टाकीना, खडीकडे बघत उभी राहिली. घंटा झाली. उशिराची मुले येऊन रांगेत लागली. तेव्हा मी तिला म्हणाले, “तू वर्गात जा. तुझी जागा मी भरते.” मी रांगेत तिसरी जाऊन गुडघे टेकले. ती वर्गात गेली.

मुख्याध्यापक बाहेर आले व म्हणाले, “बाई, उठा. जिल्हा नवीन झालाय, साहेब कधी बी तपासणीला येतात. वेळ पाळावीच लागते.” मी म्हणाले, “मग साहेबाला टँकरची वेळ विचारा. ही लेकरं उठली की मी उठते.” आज आणखी चार बाया घागरीसह येऊन रांगेत लागल्या. मी त्यांना बोलावले नव्हते. बोलावले असते तर तसे सांगितले असते.

माफीनामा दिला तर अर्ज मागे घेऊ, नाहीतर मुलीचे नाव कमी करू, असे मला सांगण्यात आले. मी माफीनामा देणार नाही. नाव कमी केले तर मी परवा निलंग्याला आणि तेरवा लातूरला जाईन. उद्या टँकर दहाला आला तर मी पाणी घरात ठेवून रांगेत असेन.

मला वाचता येत नाही. जमादार साहेब वाचून दाखवत होते, पण सिंधु शाळा सुटल्यावर दप्तरासह इथे आली आहे, तिने वाचावे असे मी सांगितले. तिने मोठ्याने वाचले. लाटण्याचे वाक्य तिने गाळले. मला अक्षर येत नसले तरी मी काय सांगितले ते मला ठाऊक आहे. मी म्हणाले, “ते बी वाच.” ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे की, अव्वा.” मी म्हणाले, वाच. तिने वाचले.

आता जबाब पूर्ण ऐकला. मी सांगितला तसाच आहे.

निशाणी डावा अंगठा: शिवगंगा भ्र. गुरुलिंग मुचळंबे
वाचून दाखवणार: सिंधु गुरुलिंग मुचळंबे, इयत्ता नववी, हजर