बसचं तेल गोठलं ती सकाळ

मी मूळची वर्ध्याची, लग्न होऊन नागपूरला, आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी इथे मिनेसोटात, आणि काय सांगू तुम्हाला, वर्ध्याच्या उन्हात वाढलेली बाई इथे बर्फात शाळेची पिवळी बस चालवून राहिली हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही. ग्रीन कार्ड आलं, घरात बसून जीव विटला होता, म्हणून ट्रेनिंग घेतलं. रूट गावाबाहेरच्या शेतांमधला, डेपो लांब, त्यामुळे बस माझ्याच दारात उभी असते.

पहिल्या हिवाळ्यात गाड्यांच्या तोंडातून वायरी लोंबताना पाहिल्या आणि म्हटलं हे काय बाप्पा, गाडीला इस्त्रीसारखा प्लग? मग डेपोतल्या माणसानं समजावलं, थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं, आपली काकवी कशी, तसं, मग सेल्फ मारला तरी इंजिन फिरत नाही, म्हणून ऑइलच्या चेंबरला हीटर असतो, तो रात्रभर लावून ठेवायचा. तेव्हापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा आणि बसला प्लग, हा माझा नेमच.

मागच्या हिवाळ्यात सासरे आले होते, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. बाबा जन्मभर वीज खात्यात, माणूस सोन्यासारखा, पण झोपायच्या आधी घरभर फिरून टीव्हीचं बटण, मिक्सरचं बटण, गिझर, सगळं बंद करणार तेव्हा त्यांना झोप. इथे भिंतीवर प्लगला बटणंच नाहीत, तर ते प्लगच उपटायचे. सकाळी माझा फोन अर्धाच चार्ज, मी हसायची. घरातलं चालतं हो. पण जॅकेट चढवून ते बसपर्यंत जातील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

एका सकाळी बस सुरू करते तर नुसतं हूं हूं करून गप्प. उतरून पाहते तर प्लग काढलेला, वायर छान गुंडाळून आरशाला अडकवलेली. आत येऊन विचारलं, बाबा, वायर तुम्ही काढली का, तर म्हणतात हो, कोणीतरी विसरलं होतं, रात्रभर करंट चालू, आग लागली असती म्हणजे? काहून काढली हो बाबा, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

डेपोला फोन केला, ते म्हणाले दुसरी बस पाठवतो, पण वेळ लागेल, पालकांना कळवतो. सगळ्यांचे पालक भेटले, एका क्लोईचे नाही. चौथीतली पोर, माझा पहिलाच स्टॉप, आईबाप दोघं तिच्या आधी कामावर निघतात, फोन कोणी उचलून नाही राहिलं. गॅरेजमधून नवऱ्याची गाडी काढली, बाबा शेजारी येऊन बसले.

पोर रस्त्याच्या कडेला उभी होती. हाक मारली तर वळली नाही, पापण्यांवर बर्फ, एक हातमोजा कुठे पडलेला, बोटं पांढरीफटक. बाबांनी तिला गाडीत घेतलं, स्वेटर वर करून तिचे हात आपल्या उघड्या पोटावर दाबून धरले आणि रडायला लागले, इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

घर तिच्या मागेच होतं हो, आणि चावी तिच्या दप्तराला लटकत होती. मी म्हटलं अगं, आत का नाही गेलीस? दात वाजत होते तिचे, म्हणते, बट यू ऑलवेज कम, म्हणजे तू तर रोज येतेसच ना.

डॉक्टर म्हणाले बोटं थोडक्यात वाचली. बाबांना मी एका शब्दानं बोलले नाही, काय बोलणार, त्यांनी तर काळजीच केली होती. पण तिचं ते बोलणं मला अजून पचत नाही. माझी पोटची पोरगीसुद्धा माझ्यावर एवढा भरवसा ठेवत नाही.

आता मी बसमध्ये सगळ्या पोरांना बजावते, मी दिसले नाही तर सरळ घरात जायचं, थांबायचं नाही. सगळे ओके म्हणतात. क्लोईपण म्हणते, पण आरशात तिचं तोंड दिसतं ना मला, तिला ते पटलेलं नसतं, ती थांबणारच. देव तिला उदंड आयुष्य देवो, आणि मला रोज तिच्याआधी तिथे पोचवो.